निनावी पोस्ट, वहिनीच्या नावाचं बनावट खातं आणि स्क्रीनशॉटचा पुरावा: पुण्यात सुरुवात कुठून करायची?

तळजाई

माझे भाऊ-वहिनी कर्वेनगरला घरगुती डबे देतात. बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे वसतिगृहातल्या मुली आणि एकटे राहणारे आजी-आजोबा. गेल्या पंधरवड्यात परिसरातल्या एका मोठ्या ऑनलाइन गटावर निनावी पोस्ट आली. यांच्या भाजीत अळ्या निघाल्या, मुलीला सलाईन लावायची वेळ आली, असं लिहिलेलं. सोबत फोटो. आमचे डबे स्टीलचे, तीन पुडाचे, झाकणावर नंबर कोरलेले. फोटोतला डबा प्लॅस्टिकचा आहे. पण खाली शेकड्याने प्रतिक्रिया, आणि ते झाकण कुणी बघितलं नाही.

मग वहिनीच्या नावाने एक खातं सुरू झालं. तिचाच डीपी, व्यवसायाचं नाव, आणि तिथून गिऱ्हाइकांना उर्मट उत्तरं. "परवडत नसेल तर घरी शिजवा." ज्या आजोबांना ती स्वतः डबा नेऊन द्यायची त्यांनीही ते खरं मानलं आणि डबा बंद केला. तेव्हापासून ती घरात बोलत नाही. मला राग त्याचा जास्त आहे.

चौकीत गेलो. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून घेतली, प्रत दिली, "बदनामीचं कोर्टात जा" म्हणाले. भावाचा एका माणसावर संशय आहे, तो त्याचं नाव गटावर टाकायला निघालाय. मी कसंबसं थोपवून धरलंय. माझ्याकडे सध्या फक्त मोबाइलमधले स्क्रीनशॉट आहेत. निनावी माणसाचं नाव कोर्ट काढून देतं का? हे स्क्रीनशॉट चालतील का? आणि पोस्ट आधी काढायला लावू की पुरावा म्हणून राहू देऊ?

मोगरा

वहिनींना सांगा, खोटं खातं हे चोराचं काम आहे, त्यांनी मान खाली घालायचं काही कारण नाही. १९३० वर फोन करण्यात वेळ घालवू नका, ती हेल्पलाइन पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर समाजमाध्यमांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नोंद करून पोचक्रमांक घ्या. वकील मंडळी बाकीचं सांगतीलच.

अर्जदार

शिवाजीनगर न्यायालयात वकिली करतो म्हणून सविस्तर लिहितो. तळजाई, तुमच्याकडे एक प्रकरण नाही, दोन आहेत, आणि त्यांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. चौकीत तुम्ही दोन्ही एकत्र सांगितलीत असणार, त्यामुळे त्यांनी सोपी वाट धरली.

पहिलं म्हणजे अळ्यांची पोस्ट. ही बदनामी. १ जुलै २०२४ पर्यंत भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेचाही पर्याय आलाय. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि जामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फौजदारी बदनामीची कलमं घटनेला धरून आहेत असं ठरवलं, पण त्याच निकालात हेही स्पष्ट केलं की यात पोलिसांनी एफआयआर घ्यायचा नाही, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनीही तसा आदेश द्यायचा नाही. ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः खासगी तक्रार करायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. आरोपीचं नावच माहीत नसेल तर ही वाट पहिल्या पायरीलाच अडते. म्हणजे चौकीत त्या पोस्टपुरतं तुम्हाला बरोबरच सांगितलं.

दुसरं, वहिनींच्या नावाचं खातं. हे निव्वळ बदनामीत मोडत नाही. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६सी आणि ६६डी आहेत, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय प्रतिष्ठेला धक्का देण्यासाठी खोटा इलेक्ट्रॉनिक दस्त बनवणं, न्याय संहितेचं कलम ३३६(४). हे गुन्हे दखलपात्र आहेत. इथे एफआयआर झालाच पाहिजे, आणि तपासात खात्यामागच्या माणसाचा माग काढणं हे पोलिसांचं काम ठरतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक दर्जाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही. तेव्हा चौकीवर हुज्जत घालू नका, पोलीस ठाण्यात जाऊन वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, आणि अर्ज फक्त खात्याबद्दल लिहा. पोस्टचा उल्लेख पार्श्वभूमी म्हणून एका परिच्छेदात. तक्रार घेतली नाही तर तोच अर्ज परिमंडळाच्या उपायुक्तांकडे लेखी, आणि तिथेही काही झालं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. चिंचवड-वाकडकडच्या वाचकांसाठी: तुमचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, पुणे शहराकडे अर्ज देऊन हेलपाटा पडतो.

आणि भावाला अजून थोपवा. त्याबद्दल पुढे लिहीन.

तळजाई

हे कुणी इतकं सुटं करून सांगितलं नव्हतं. धन्यवाद. पण समजा खातं आणि पोस्ट दोन वेगळ्या माणसांनी केली असली तर?

अर्जदार

तर खात्याच्या तपासातून पोस्टवाल्याचं नाव मिळणार नाही. त्यासाठी दिवाणी दावा. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावा लावता येतो; आपल्याकडे अशा अज्ञाताला "अशोक कुमार" म्हणायची पद्धत पडली आहे, इंग्रजांच्या "जॉन डो"सारखी. त्या दाव्यात समाजमाध्यम कंपनीलाही प्रतिवादी करून, या खात्याची नोंदणीची माहिती आणि आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) सादर करा, असा आदेश मागायचा. न्यायालय तो मागितल्याबरोबर देत नाही. मजकूर सकृद्दर्शनी खोटा आणि नुकसानकारक आहे हे आधी दाखवावं लागतं. म्हणूनच पुराव्याचं पाहा.

लॉगबुक

पुराव्याचं मी लिहितो. नेटवर्कच्या कामात बरीच वर्षं आहे, आणि चांगल्या केसेस स्क्रीनशॉटवर पडलेल्या पाहिल्यात म्हणून कळकळीने सांगतो.

आधी तो फोन सांभाळा ज्यात हे सगळं पाहिलं. रीसेट करू नका, विकू नका, ॲप काढून पुन्हा टाकू नका. नुसता स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. ब्राउझरमध्ये कुठल्याही पानावरचे शब्द बदलून त्याचं चित्र घेणं शाळकरी मुलालाही जमतं, आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारणार. म्हणून संगणकावर पोस्ट उघडा, वरचा पूर्ण पत्ता दिसू दे, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरकवत स्क्रीनचं चित्रीकरण करा. सुरुवातीला तारीख-वेळ दाखवणारं पान दिसलं पाहिजे. खात्याचं नाव टिपून भागत नाही, नाव मालक केव्हाही बदलतो. खात्याच्या पत्त्यात जो आकडी ओळखक्रमांक असतो तो लिहून घ्या, तो सहसा बदलत नाही. प्रत्येक प्रतिक्रियेचा स्वतंत्र दुवा मिळतो, तोही.

या फायली व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून कुणाला पाठवू नका. व्हॉट्सॲप चित्र दाबून लहान करतं, आतली तारीख, कॅमेऱ्याची माहिती वगैरे निघून जाते. वकिलांना द्यायचं तर पेन ड्राइव्हवर मूळ फाइल द्या. आणि प्रत्येक फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा ठसा, आजच काढून ठेवा. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलं तर ६४ अक्षरांची ओळ येते, फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ती ओळ पूर्ण वेगळी येते. हे आता फक्त आमच्या क्षेत्रातलं खूळ राहिलेलं नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ सोबत प्रमाणपत्राचा ठरावीक नमुना आहे, त्यात उपकरणाचा प्रकार, क्रमांक आणि हॅश मूल्य लिहायला रकाने आहेत. भाग 'अ' उपकरण वापरणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. हा तज्ज्ञ नेमका कोण असावा यावर वकिलांत मतभेद आहेत, अर्जदार सांगू शकतील.

आता आयपी पत्त्याबद्दल. लोकांना वाटतं आयपी मिळाला की घर मिळालं. मोबाइल इंटरनेटवर एकाच वेळी शेकडो ग्राहक एका सार्वजनिक आयपीमागे असतात. त्यामुळे समाजमाध्यम कंपनीकडून आयपीसोबत पोर्ट क्रमांक (एकाच आयपीमागची जोडणी वेगळी ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ मागायला हवी, नाहीतर इंटरनेट सेवा देणारी कंपनी कुठला ग्राहक ते सांगूच शकत नाही. परदेशी कंपन्या वेळ जागतिक प्रमाणवेळेत देतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे. हा फरक धरायचा राहिला आणि भलत्याच माणसाच्या दारात पोलीस उभे राहिले, तर त्याचं काय होईल याचा विचार करा.

नोंदी किती काळ टिकतात हे कळीचं आहे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये इंटरनेट कंपन्यांनी नोंदी ठेवायची मुदत एक वर्षावरून दोन वर्षं केली. समाजमाध्यमांना २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे काढलेला मजकूर आणि बंद केलेल्या खात्याची नोंदणीची माहिती १८० दिवस जपावी लागते. तिथल्या कंपन्यांना लागू असलेल्या अमेरिकी कायद्यात पोलिसांच्या पत्रावर नोंदी ९० दिवस गोठवता येतात, पुन्हा ९० वाढवता येतात. तेव्हा तपास अधिकाऱ्यांना पहिल्या भेटीतच हात जोडून सांगा, बाकी तपास सावकाश करा पण जतन करण्याचं पत्र आजच पाठवा.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. आधी सगळं नीट घ्या, मग काढायला लावा. पोस्ट राहू देण्याची गरज नाही, रोज नवे लोक वाचतायत.

अर्जदार

लॉगबुक यांनी नेमकं लिहिलंय. फोन जपण्याचा मुद्दा का महत्त्वाचा ते जालन्याच्या निवडणूक प्रकरणातून कळतं. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, असा वाद. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात चित्रीकरण झालेलं, पण त्याचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकारी देईनात. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, जुलै २०२०, सर्वोच्च न्यायालय. ठरलं असं की नक्कल किंवा प्रिंट देणार असाल तर प्रमाणपत्र बंधनकारकच. पण मूळ उपकरणच न्यायालयात आणलं आणि त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून हे माझं, मी वापरतो असं शपथेवर सांगितलं, तर प्रमाणपत्राची गरज नाही. आणि दुसरा कुणी प्रमाणपत्र देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येतं. निकाल जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५बी वर आहे, नव्या कलमाचा गाभा तोच.

तज्ज्ञाबद्दल: माझ्या मते ज्याच्याकडे संगणकशास्त्राचं शिक्षण आहे आणि जो उलटतपासणीला उभा राहील असा माणूस घ्या. नुसती सही देणारे बरेच मिळतात. ते साक्षीला आले नाहीत तर भाग 'ब' कागदावरच राहतो.

बाणेररोड

एवढं सगळं करेपर्यंत धंदा बसेल. संशयिताचं नाव टाका गटावर, सगळे मिळून जाब विचारतील. शंभर लोकांनी फोन केले की आपोआप कबूल करतो माणूस.

आडवाट

बाणेररोड, असं करू नका. कृपा करून.

मी दुसऱ्या बाजूला होते. शिकत असताना एका खासगी क्लासच्या शिक्षकाच्या वागण्याबद्दल मी नाव न देता लिहिलं. नाव दिलं असतं तर घरच्यांनी क्लास आणि शिक्षण दोन्ही बंद केलं असतं. माझं वाचून आणखी मुली बोलल्या, तिथून पुढे रीतसर तक्रार झाली. त्या दिवसांत "ही कोण आहे ते शोधून काढा" असं लिहिणारे पुष्कळ होते. दोन-तीन मुलींची नावं अंदाजाने फिरवली गेली. त्यातली एक मैत्रीण होती, तिचा यात काही संबंध नव्हता. तिला किती त्रास झाला ते मी पाहिलंय.

तळजाई, तुमच्या वहिनींबरोबर जे झालं ते फार वाईट आहे आणि करणाऱ्याला शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण या धाग्यावर मला एवढं सांगायचंय की नाव लपवणं हा गुन्हा नाही. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. सरकारच्याच पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न सांगता करता येते, कारण सरकारलाही ठाऊक आहे की नाव मागितलं की लोक गप्प बसतात. कोर्टाचा मार्ग लांब आहे, मान्य. पण मुखवटा काढायचा की नाही हे ठरवणारा कुणीतरी तटस्थ माणूस मध्ये हवाच. तो नसता, तर आमच्या क्लासवाल्याने माझं नाव दुसऱ्याच दिवशी मिळवलं असतं.

तळजाई

आडवाट, तुम्ही लिहिलंत ते भावाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण ती पोस्ट त्याने लिहून ठेवली होती ती पुसली.

अर्जदार

बरं झालं. कायद्याचं उत्तरही तेच आहे. संशयाच्या जोरावर नाव टाकलं असतं तर कलम ३५६ मध्ये तो स्वतः आरोपी झाला असता. त्या कलमाला दहा अपवाद आहेत, लोक त्यातलं "सद्भावना" एवढंच ऐकून येतात. सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच पुरत नाही, योग्य काळजी घेऊन खात्री केली होती हे दाखवावं लागतं. आणि खरं असलं तरी फौजदारीत ते सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. दिवाणीत मात्र सत्य हा पूर्ण बचाव आहे.

हेच उलटं करून पाहा. समजा एखाद्या ग्राहकाच्या डब्यात खरंच अळी निघाली. त्याने अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली तर आठव्या अपवादाचं संरक्षण त्याला मिळतं, कारण ज्याला अधिकार आहे त्याच्याकडे तो सद्भावनेने गेला. त्याने स्वतःचा अनुभव, तारीख, बिल टाकून लिहिलं तरी मी त्याची बाजू आनंदाने घेईन. व्यावसायिकांनी प्रत्येक वाईट अभिप्रायावर नोटीस धाडायची जी सवय लावून घेतली आहे ती मला घातक वाटते. तळजाईंचं प्रकरण वेगळं ठरतं ते फोटो खोटा आहे म्हणून.

पुणे३०

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. १८८२ साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले ते बदनामीच्याच खटल्यात. कोल्हापूरचे कारभारी बर्वे हे तिथल्या छत्रपतींचा छळ करतात, असं 'केसरी' आणि 'मराठा'त छापून आलं होतं. ज्या पत्रांच्या आधारे लिहिलं ती पत्रं खोटी निघाली. चार महिन्यांची शिक्षा झाली, १०१ दिवस भोगली. दोघांचा हेतू स्वच्छ होता याबद्दल कुणाला शंका नव्हती. पण हातातला कागद बनावट होता आणि छापण्याआधी त्याची पारख झाली नाही. आज शाईच्या जागी स्क्रीनशॉट आलाय.

आणि आडवाट यांच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर'मध्ये पुण्याच्या भटभिक्षुकीवर, आळसावर, अज्ञानावर जे कोरडे ओढले ते 'लोकहितवादी' या नावाने. सरकारी नोकरीत होते. टोपणनाव घ्यायची मुभा नसती तर ती पत्रं लिहिली गेली असती का, मला शंका आहे. माझं वय झालंय, मी या दोन्ही गोष्टी एकत्र धरून बसतो: टोपणनाव राहिलं पाहिजे आणि खोटा कागद पकडला गेला पाहिजे.

सोसायटी_सचिव

विषयाला धरून विचारतो. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटाचा मी ॲडमिन. तिथेही त्या डब्याची पोस्ट कुणीतरी पुढे ढकलली होती (तीच असावी, कर्वेनगर, अळ्या). ॲडमिन म्हणून माझ्यावर काही येतं का? आणि ज्याने ढकलली त्याच्यावर?

अर्जदार

ॲडमिनबद्दल नागपूर खंडपीठाचा मार्च २०२१ चा निकाल आहे. सभासदाने काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही. दोघांचा मिळून तसा बेत होता हे दाखवावं लागतं. ॲडमिनला मजकूर येण्याआधी गाळता येत नाही, हे न्यायालयाने मान्य केलं.

पुढे ढकलणाऱ्याला तेवढी सवलत नाही. बदनामीत "प्रसिद्ध करणं" हा गुन्ह्याचा भाग, आणि पुढे पाठवणं हेही प्रसिद्ध करणंच. दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दुसऱ्याचा बदनामीकारक मजकूर जसाच्या तसा पुन्हा प्रसृत करण्याबद्दल हेच म्हटलंय. तुमच्या सभासदाला सांगा, पुसून टाक आणि त्याच गटावर लिही की हे खोटं आहे असं कळलं. त्याचं आणि डबेवाल्यांचं, दोघांचंही भलं होईल. पण पुसायच्या आधी तळजाईंना त्याची तारीख-वेळ कळवा, पोस्ट कुठवर पोचली याचा तो पुरावा आहे.

सोसायटी_सचिव

कळवतो. आणि वहिनींच्या डब्याची चौकशी आमच्याकडच्या दोन ज्येष्ठांनी केली आहे, नंबर इथे नको, व्यक्तिगत निरोपात द्या.

लॉगबुक

एक भर. काही ठिकाणी निनावी पोस्ट टाकणाऱ्याचं नाव सभासदांना दिसत नसलं तरी गटाच्या ॲडमिनला दिसतं. त्याला धमकावून नाव काढून घेऊ नका. लेखी विनंती करा की ती नोंद काढून टाकू नये, पुढे न्यायालय विचारेल. आणि व्हॉट्सॲपवर "हे पहिल्यांदा कुणी पाठवलं" याचा शोध २०२१ च्या नियमांत आहे, पण तो देशाची सुरक्षा, बलात्कार, मुलांचं लैंगिक शोषण अशा गंभीर गुन्ह्यांपुरता. त्या नियमाला कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलंय. बदनामीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

बाणेररोड

माझा वरचा प्रतिसाद रागातून होता. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६ए सारखं, त्रासदायक मजकुराबद्दलचं कलम पुन्हा आणलं पाहिजे असं मात्र मला वाटतं. निदान पोलीस लगेच हलायचे.

मोगरा

पालघर आठवतंय ना? नोव्हेंबर २०१२. मुंबई बंद झाली त्याबद्दल एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने फक्त पसंती दिली, दोघींना अटक. श्रेया सिंघल यांनी त्यातूनच याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द झालं. "त्रासदायक" म्हणजे काय हे ज्याच्या हातात सत्ता तो ठरवायचा. तसं कलम परत आलं तर ते तुमच्या-माझ्यासाठी हलणार नाही.

अर्जदार

मोगरा यांना दुजोरा. त्याच निकालामुळे समाजमाध्यम कंपन्यांवर मजकूर काढायची कायदेशीर सक्ती न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानंतरच येते, आपल्या नोटिशीने नाही. अपवाद बनावट ओळखीचा. वहिनींच्या नावाच्या खात्यासाठी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे त्यांनी स्वतः, ओळखपत्र जोडून तक्रार करावी, तिथे नियम बरेच कडक आहेत. उत्तर पटलं नाही तर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं, ऑनलाइनच.

तळजाई

काय झालं ते कळवते. पोलीस ठाण्यात अर्ज फक्त खात्याबद्दल दिला. निरीक्षकांनी नीट ऐकलं, ६६सी आणि ६६डी लावून एफआयआर झाला, जतनाचं पत्र आमच्यासमोर तयार केलं. जबाब वहिनीनेच दिला. परत येताना सिव्हिल कोर्ट मेट्रो स्थानकाच्या त्या लांब सरकत्या जिन्यावर ती म्हणाली, "माझं नाव मी परत घेऊन आले." खातं आता दिसत नाही, त्याआधी चित्रीकरण आणि हॅश झालं होतं. प्लॅस्टिकच्या डब्याचा फोटो भावाने इंटरनेटवर उलटा शोधला, म्हणजे फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते पाहिलं, तो आणखी एका जुन्या पानावर सापडला. तेही जपून ठेवलंय.

पोस्ट मात्र अजून आहे. दाव्याची घाई करावी का? पोस्ट रोजच दिसतेय, तर मुदत संपायचा प्रश्न येणार नाही असं एका ओळखीच्यांनी सांगितलं.

अर्जदार

त्यांचं ऐकू नका. लेखी बदनामीच्या नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत एक वर्ष, प्रसिद्ध झाल्यापासून. पोस्ट आजही दिसते म्हणून रोज नवीन वर्ष सुरू होत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये इंटरनेटवरच्या मजकुराबद्दल हे ठरवलंय. फौजदारी तक्रारीला तीन वर्षं आहेत, पण नावाशिवाय ती होणार नाही हे वर आलंच.

दावा पुण्यातच लावता येईल, कारण नुकसान इथे झालं. नुकसानभरपाईचा आकडा फुगवू नका, कोर्ट फी त्या आकड्यावर बसते. गिऱ्हाईक किती तुटलं ते वहीतून, महिन्यावार दाखवा, न्यायाधीशांना तेच पटतं. अंतरिम मनाई हुकूम (दाव्याचा निकाल लागेपर्यंत मजकूर रोखायचा आदेश) सहज मिळेल असं धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये वृत्तसंस्थेच्या प्रकरणात बजावलंय की सुनावणीआधी मजकूर दाबणं हा अपवाद असावा, मजकूर उघड खोटा असेल तरच. तो निकाल मला पटतो. तुमच्याकडे दुसऱ्या पानावर सापडलेला फोटो आहे, तोच तुमचा सगळ्यात बळकट कागद. त्या पानाचंही प्रमाणपत्र आजच तयार करा, पान उद्या नाहीसं होऊ शकतं.

शेवटची गोष्ट, वकीलही विसरतात ती. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध दावा लावला आणि नाव वर्ष उलटल्यावर कळलं, तर मुदत कायद्याच्या कलम २१ प्रमाणे त्या नव्या माणसाविरुद्धचा दावा त्याला सामील केल्या दिवशी दाखल झाला असं धरतात. चूक सद्भावनेने झाली असं पटलं तर न्यायालय सूट देऊ शकतं, पण त्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून नाव उघड करण्याचा अर्ज दाव्यासोबतच द्या, कंपनीला समन्स लवकर बजावलं जाईल हे पाहा, आणि पोर्ट क्रमांक व सेकंदापर्यंतची वेळ हे शब्द अर्जातल्या मागणीतच लिहून घ्या.

तळजाई

वकीलपत्रावर सही सोमवारी. फोटोच्या पानाचं प्रमाणपत्र आजच करतोय, भाग 'ब' साठी भावाचा एक मित्र तयार आहे, संगणकशास्त्र शिकवतो, साक्षीला येईन म्हणालाय.